चर्चासत्र संगणकाचं, अभिप्राय पंचिंगवालीचा

अभिप्राय द्यायचा फॉर्म क्यूआर कोडवर होता आणि त्यात रोल नंबरचा रकाना सक्तीचा. मला बी.कॉम. होऊन पन्नास वर्षं झाली. तेव्हाचा नंबर टाकून पाहिला, तर लाल अक्षरांत नकार आला. म्हणून इथे लिहिते. विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही. मुलांनी मेहनत घेतली होती, आणि मी जे वाईट लिहिणार आहे ते आपल्याकडच्या बहुतेक चर्चासत्रांना लागू पडेल.

विषय होता संगणकाचा भूतकाळ आणि भविष्यकाळ. दोन दिवस. विद्यार्थ्यांना २०० रुपये, बाहेरच्यांना ६००. त्यात चहा, दुपारचं जेवण, एक कापडी पिशवी, पिशवीत वही-पेन आणि प्रायोजकाची गुळगुळीत कागदावरची जाहिरात. माझ्या भाचीची मुलगी सई कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिनेच परस्पर नाव घातलं. "मावशीआजी, तुझ्या वेळच्या मशिनांवर अख्खं सत्र आहे, तू नाही आलीस तर कोण येणार," म्हणाली. 

माझी ओळख एवढीच, की १९७६ साली मी पिंपरीच्या एका कारखान्यात ईडीपी, म्हणजे संगणकाच्या विभागात पंच ऑपरेटर म्हणून लागले. आधी कार्ड पंचिंग, म्हणजे माहिती भोकांच्या रूपात कार्डांवर चढवायची, मग ती तपासायचं मशिन, व्हेरिफायर, मग टर्मिनल, मग पीसी. निवृत्त झाले तेव्हा पगारपत्रक सॅप या सॉफ्टवेअरवर गेलेलं होतं. त्यामुळे या विषयातला एक तुकडा मी आतून पाहिलाय, आणि तिकिटाचे पैसे वसूल झाले की नाही हे मी त्याच नजरेने सांगणार.

पहिल्या दिवशीची सकाळ सोडून द्या. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मग ज्यांना शाल मिळाली त्यांनी ज्यांनी दिली त्यांचे आभार. पहिलं व्याख्यान सुरू व्हायला तासभर उशीर झाला, आणि तो तास व्याख्यानातूनच कापला गेला. एसी इतका की मागच्या वर्षीची सत्काराची एखादी शाल मिळाली असती तर घेतली असती. सभागृहाच्या पायऱ्यांना कठडा नाही आणि दिवे मंद. गुडघे दुखणाऱ्यांनी कडेची खुर्ची आधीच धरावी.

ते पहिलं व्याख्यान म्हणजे मण्यांच्या पाटीपासून मोबाइलपर्यंतचा प्रवास. बॅबेज आले, ॲडा लव्हलेस आल्या, ट्युरिंग आले, एनिॲक हा सुरुवातीचा अवाढव्य संगणक आला. एनिॲकच्या स्लाइडवर वजन ३० टन, व्हॅक्यूम ट्यूब सुमारे १८ हजार, असे आकडे मोठ्या टायपात. चित्रात मशिनपुढे दोन बायका वायरी खोचताना दिसत होत्या. त्या कोण, ते वक्त्यांनी सांगितलं नाही. एनिॲकवर प्रोग्राम बसवायचं काम सहा जणींनी केलं, हे सईलासुद्धा ठाऊक होतं. तिने माझ्या कानात सांगितलं, स्टेजवरून कोणी नाही.

मग माझं मशिन आलं. आयबीएम १४०१. स्लाइडवर एक ओळ: '१९५९, ट्रान्झिस्टरवर चालणारा लोकप्रिय व्यावसायिक संगणक'. झालं अख्खं सत्र! अहो, हे मशिन १९७८ साली आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळल्यावरसुद्धा आपल्याकडे कितीतरी कारखान्यांचे पगार काढत होतं. मिनिटाला ८०० कार्डं वाचायचं, त्याचा प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा, आणि स्मृती जास्तीत जास्त १६ हजार अक्षरांची. आत्तापर्यंत मी जे लिहिलंय तेवढंही त्यात धड मावलं नसतं असं वाटतं ना? मावलं असतं, पण प्रोग्रामही त्याच जागेत बसवायचा असे. हजारो कामगारांचे पगार एवढ्याशा जागेतून कसे काढायचे, हे ऐकायला मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवून बसली असती. एकेक कार्ड आत घ्यायचं, हिशेब करायचा, छापायचं, विसरून जायचं, पुढचं कार्ड. वक्ते मात्र तोवर स्टीव्ह जॉब्सपर्यंत पोचले होते.

जेवणात पनीर, अर्थातच. रांग लांब, पण गुलाबजाम गरम होते.

दुपारी प्रायोजक कंपनीचे कोणी वरिष्ठ अधिकारी आले. 'भविष्यासाठी सज्ज व्हा' असा विषय. पाऊण तास आम्ही त्यांच्या कंपनीचे चकाचक व्हिडिओ पाहिले. सज्ज म्हणजे नक्की काय करायचं, असं एका मुलाने विचारलं, तर "शिकत राहा" असं उत्तर आलं. हे तर आमचे फोरमनही सांगायचे, आणि त्यांना आणायला विमानाचं तिकीट लागायचं नाही.

त्या दिवसाची लाज राखली ती चहानंतरच्या व्याख्यानाने. एक तरुण प्राध्यापिका होत्या. स्लाइड मोजक्या, आणि फळ्यावर खडूने लिहीत होत्या. विषय मूरचा नियम. पुढे इंटेल ही चिपांची कंपनी काढणाऱ्या गॉर्डन मूर यांनी १९६५ साली अंदाज केला की चिपवरच्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होईल, आणि १९७५ साली स्वतःच तो दर दोन वर्षांवर आणला. १९७१च्या इंटेल ४००४ या चिपवर २३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे इवलेसे स्विच, होते, आजच्या चांगल्या फोनच्या चिपवर हजार कोटींच्या पुढे असतात. इथवर कोणीही सांगतं. बाईंनी पुढचं सांगितलं. ट्रान्झिस्टर लहान होत गेला तसं त्याला लागणारं व्होल्टेजही कमी करता येत होतं, म्हणून तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर भरले तरी चिप जास्त तापत नसे. त्यामुळे वेग वाढवत नेता आला. २००५च्या आसपास हे गणित बिघडलं. व्होल्टेज आणखी उतरवलं की ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज गळू लागली. वेग वाढवावा तर चिप तापते. म्हणून मग एकाच चिपवर दोन, चार, आठ प्रोसेसर बसवायला सुरुवात झाली.

माझ्या जुन्या पीसीवर वेग ३ गिगाहर्ट्झ लिहिलेला होता. परवा मुलाने नवा लॅपटॉप घेतला, त्यावरही साधारण तेवढंच. दुकानदाराला विचारलं तर तो "मॅडम, हा नवा आहे" एवढंच म्हणाला होता. उत्तर इथे मिळालं, खडूने. ६०० पैकी २०० इथेच वसूल.

संध्याकाळी हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या आणि मागचं अर्धं सभागृह रिकामं. प्रमाणपत्राला दोन्ही दिवसांच्या सह्या लागतात, ऐकायलाच पाहिजे असं नाही. मुलांना दोष देत नाही. हजेरीवर श्रेयांक देणारी पद्धत ज्यांनी काढली त्यांनीच ही रिकामी खुर्चीही काढली.

दुसऱ्या दिवशी आधी क्वांटम संगणक. मी मनाची तयारी करून गेले होते की आता चमत्कार ऐकायचे, पण संशोधन करणारा मुलगा प्रामाणिक निघाला. सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६००३.६५ कोटींचं, २०३०-३१ पर्यंत. त्यातलं संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. हे सांगून झाल्यावर तो थेट अडचणींवर आला. क्युबिट म्हणजे या संगणकातला माहिती धरणारा मूळ घटक. अतिवाहक प्रकारचे क्युबिट चालवायला निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याहून थंड काही असूच शकत नाही त्याच्या, वर एका अंशाचा शंभरावा भाग एवढीच उष्णता चालते. अंतराळाची पोकळीसुद्धा त्या शून्याच्या वर २.७ अंशांवर, म्हणजे त्यापेक्षा कितीतरी गरम. इतकं करूनही क्युबिट चुकतात. चुका दुरुस्त करायला एका भरवशाच्या क्युबिटमागे शेकड्यांनी साधे क्युबिट लावावे लागतील. पीटर शोर यांनी १९९४ साली क्वांटम संगणकावर मोठ्या संख्येचे अवयव झटक्यात पाडायची रीत दाखवली, आणि आपल्या बँकेच्या व्यवहारांची कुलपं ज्या गणितावर आहेत तेच धोक्यात आलं. पण ती रीत चालवण्याजोगं यंत्र अजून झालेलं नाही. कुलपं बदलायचं काम मात्र सुरू झालंय, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नवी मानकं जाहीर केली. शेवटी तो म्हणाला, "या यंत्रावर तुमचं पगारपत्रक कधीच होणार नाही, त्यासाठी ते नाहीच." पगारपत्रकात हयात घालवलेल्या बाईला याहून बरं काय ऐकवणार.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी जेवणानंतरचं सत्र एका निवृत्त सरांचं होतं. जेवणात त्या दिवशी मसालेभात आणि मठ्ठा, त्यामुळे निम्मं सभागृह पेंगत होतं. सरांनी माइक बाजूला ठेवला, खाली उतरले आणि मराठीत सुरू झाले. भारतातला संगणक. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली ब्रिटनहून आणलेलं एचईसी-२एम हे यंत्र. मग मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन आणि त्यांच्या चमूने स्वतः बांधलेलं यंत्र, १९६० साली चालू झालेलं, १९६२ साली नेहरूंनी ज्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. या यंत्राच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द होते, बिट म्हणजे एक किंवा शून्य. सरांनी मुलांना गुणाकार करायला लावला. ८१ हजार ९२० बिट. "म्हणजे तेवढ्या कड्या," सर म्हणाले आणि आम्हाला मागच्या टेबलाकडे घेऊन गेले.

टेबलावर पांढरी चादर, त्यावर कागदी टेप, आठ इंची फ्लॉपी, कार्डांची एक चळत, आणि काचेखाली फेराइट कोअरची, म्हणजे चुंबकी कड्यांच्या स्मृतीची, एक जाळी. आमच्या १४०१ मध्येही हीच स्मृती होती. पण आम्हा पंचिंगवाल्यांना मशिनरूममध्ये फार तर दारापर्यंत प्रवेश, आतलं कपाट कधी उघडं पाहिलं नाही. नोकरी संपून इतकी वर्षं झाल्यावर ते पोटातलं पाहायला मिळालं. मोहरीपेक्षा लहान काळ्या कड्या, ओळीने, आणि प्रत्येकीतून केसासारख्या तांब्याच्या तारा आरपार. सरांनी भिंग दिलं. प्रत्येक कडी एका दिशेने चुंबकित असली तर एक, उलट असली तर शून्य. आडव्या तारेत निम्मा प्रवाह सोडायचा, उभ्या तारेत निम्मा. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात त्या एकाच कडीला पूर्ण प्रवाह मिळतो आणि तीच पलटते. बाकीच्या निम्म्यावर ढिम्म. आणि गंमत अशी, की कडीत काय आहे ते वाचायचं तर ती शून्याकडे ढकलूनच पाहावं लागतं. पलटली तर एक होता. म्हणजे वाचताक्षणी पुसलं जातं, आणि मशिनला ते लगेच परत लिहून ठेवावं लागतं. वीज गेली तरी मात्र लिहिलेलं टिकतं. या तारा सुईने ओवायचं काम जगभर बहुतेक बायकांनीच केलं, हे सरांनी न विचारता सांगितलं. सईने भिंग पंधरा मिनिटं सोडलं नाही.

कार्डांच्या चळतीपाशी एका मुलाने विचारलं, "यावर काय लिहिलंय?" वरच्या कडेला अक्षरं छापलेली नव्हती, नुसती भोकं. सर चष्मा शोधू लागले. मी कार्ड उजेडाकडे धरलं. कापलेला कोपरा डावीकडे वर, सगळ्यात वरची ओळ बाराची, तिच्याखाली अकराची, मग शून्य ते नऊ. अकरा-सात, पी. अकरा-सहा, ओ. पुन्हा ओ. अकरा-पाच, एन. बारा-एक, ए. "पूना," म्हटलं. मुलं बघतच राहिली. मग प्रत्येकाला आपलं नाव कुठल्या भोकांत येतं ते हवं झालं. बारा आणि एक ते नऊ म्हणजे ए ते आय, अकरा आणि एक ते नऊ म्हणजे जे ते आर, शून्य आणि दोन ते नऊ म्हणजे एस ते झेड. एका कॉलममध्ये एक अक्षर, कार्डावर ८० कॉलम. वहीच्या मागच्या पानावर टिंबं काढून पोरांनी आपली नावं पंच केली. पिशवीतल्या वहीचा तेवढा एक उपयोग झाला.

व्हेरिफायर काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. एकीने पंच केलेलं कार्ड दुसरीने मूळ कागद बघून पुन्हा अख्खं टाइप करायचं. हे मशिन भोक पाडत नाही, आधीच्या भोकाशी जुळतंय का तेवढं बघतं. सगळं जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला एक खाच मारतं. नाही जुळलं तर अडतं. पुन्हा दाबायचं. तरीही नाही जुळलं तर त्या कॉलमच्या डोक्यावर खाच, आणि कार्ड परत पहिलीकडे. पहिली आणि दुसरी एकाच डब्यातली भाजी खाणाऱ्या असल्या तरी त्या खाचेवरून दुपारभर अबोला. चळत खाली पडली तर क्रम लावता यावा म्हणून वरच्या कडेवर पेनने तिरकी रेघ ओढून ठेवायचो, हे ऐकून मुलांनी त्या चळतीवर रेघ आहे का ते पाहिलं. होती!

सरांनी नंतर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं सांगितलं. १९८८ साली पुण्यात सुरुवात, आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक. अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक नाकारला ती गोष्ट सगळे सांगतात, सरांनी ती दोन वाक्यांत उरकली आणि ट्रान्सप्युटरवर, म्हणजे परममधल्या चिपांवर, आले. टी८०० या चिपला शेजाऱ्यांशी बोलायच्या चार वाटा चिपमध्येच दिलेल्या होत्या, म्हणून साध्या चिपा एकमेकींना जोडून मोठं यंत्र उभं करता आलं. कालच्या बाई जे म्हणाल्या, एकाचा वेग वाढेना म्हणून अनेक लावा, ते इथे आधीच झालेलं होतं. दोन्ही व्याख्यानं एकापाठोपाठ एक ठेवली असती तर काय बहार आली असती. आणि पुण्यात बोलतोय म्हटल्यावर आयसीआयएम या इथल्या संगणक कंपनीचा, जिच्यातून पुढे झेन्सार ही सॉफ्टवेअर कंपनी झाली, साधा उल्लेख तरी हवा होता. तो सरांकडूनही राहिला.

बँकांमधल्या संगणकविरोधाबद्दल सर सौम्य बोलले. १९८३ साली संघटनांशी करार झाला, मग हळूहळू यंत्रं आली. आमचे हे बँकेत होते, त्या काळात काळी फीत लावून कामावर जायचे आणि संध्याकाळी मला विचारायचे, "आज किती जणांच्या नोकऱ्या पंच केल्यास?" हल्ली भाजीवाल्याला फोनवरून पैसे देतात, आणि पावतीचा आवाज आला नाही तर भाजीवाल्याआधी हेच अस्वस्थ होतात.

शेवटी कृत्रिम बुद्धिमत्तेवर परिसंवाद. डायसवर चौघं, वेळ चाळीस मिनिटं, त्यातली निम्मी एकमेकांशी सहमत होण्यात गेली. मी हात वर केला. इतकी माहिती या यंत्रांना शिकवली म्हणता, ती भरली कोणी आणि तपासली कोणी? तिघांनी चौथीकडे पाहिलं. चौथ्या म्हणजे कालच्या खडूवाल्या बाई. त्यांनी इमेजनेटचं उदाहरण दिलं. २००९ साली मांडलेला चित्रांचा साठा, पुढे १.४ कोटींच्या वर गेला. या चित्रात कुत्रा आहे की लांडगा, हे ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या संकेतस्थळावर घरबसल्या काम करणाऱ्या माणसांनी कामागणिक पैसे घेऊन सांगितलं. एकावर विश्वास नको म्हणून तेच चित्र अनेकांना दाखवायचे आणि बहुमत धरायचे. म्हणजे व्हेरिफायरच की! मी तसं म्हटलं, आणि टेबलाभोवती जमलेली ती दहा-बारा पोरं एकदम हसली. सभागृहात बाकी कोणाला काही कळलं नाही.

चित्रं ओळखणाऱ्या त्या माणसांची नावं, पगार, तासाला किती चित्रं याचा तक्ता कुठे लागतो का, हे विचारायचं राहिलं. आमच्या भिंतीवर लागायचा, तासाला किती स्ट्रोक आणि किती चुका. सूत्रसंचालक घड्याळ दाखवत होते, कारण समारोपाचे पाहुणे येऊन बसले होते.

तर हिशेब असा. खडूवाल्या बाई, क्वांटमवाला मुलगा आणि निवृत्त सर, या तिघांसाठी ६०० रुपये जास्त नाहीत. बाकीचं फुकट दिलं तरी महाग. पाचपैकी साडेतीन, त्यातला अर्धा मसालेभाताचा. पुढच्या वर्षी जाणार असाल तर स्वेटर न्या, उद्घाटन चुकवा, आणि मागचं टेबल मांडलंय का ते आधी फोन करून विचारा. मांडलं नसेल तर विद्यार्थ्यांनीसुद्धा २०० रुपये घालवू नयेत.

संयोजकांपैकी कोणी वाचत असेल तर एक सुचवते. आमच्या विभागातल्या चौघी-पाचजणी अजून चिंचवड-निगडीत आहेत. एकीकडे तर न वापरलेल्या कार्डांचा गठ्ठा आहे, ती त्यावर वाण्याच्या याद्या करते. टेबलामागे आम्हाला बसवा. मानधन नको, रिक्षाचं भाडं द्या, आणि खुर्ची एसीखाली नको.